परदेशातले कामाचे शिक्षण : देश शेवटी निवडा

(विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त झालेल्या विद्यार्थी-पालक मेळाव्यातील भाषण)

 

विहाराच्या अभ्यासिकेत आम्ही काही जण संध्याकाळी मुलांबरोबर बसतो. पूर्वी मुले विचारायची, "बँकेची परीक्षा कधी आहे? तलाठ्याची भरती निघणार का?" आताही विचारतात. पण अलीकडे त्यात एका नव्या प्रश्नाची भर पडली आहे. "युरोपात कामाचा अनुभव घ्यायला जायचंय. कुठला देश चांगला?" मुलगा गेला की दुसऱ्या दिवशी आई येते. "पोरगं बाहेर जायचं म्हणतंय. कुणी जर्मनी सांगतंय, कुणी लंडन सांगतंय. घर गहाण टाकावं का?"

मंडळी, मुलाचा प्रश्न उत्साहाचा आहे आणि आईचा प्रश्न खरा आहे. दोघांनाही आमचे उत्तर एकच आहे. देश शेवटी निवडा. त्याआधी तीन गोष्टी निवडाव्या लागतात, भाषा, पैसा आणि कागद. या तिन्हींचे उत्तर मिळाले की देश आपोआप ठरतो. आधी देश ठरवला आणि मग बाकीचे बघू म्हटले, तर घर गहाण पडण्याची वेळ येते.

एका नावाखाली तीन वेगळ्या वाटा

प्रथम एक घोटाळा दूर करू. "कामाला जायचे, शिकायलाही जायचे" असे आपण म्हणतो, तेव्हा त्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी येतात.

पहिली वाट इंटर्नशिपची. मुलगा इथल्या कॉलेजातच शिकतो आहे, आणि काही आठवडे किंवा काही महिने तिकडच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत, कार्यालयात प्रत्यक्ष काम शिकून परत येतो. इंजिनिअरिंगच्या आणि विज्ञानाच्या मुलांची ही वाट.

दुसरी वाट जर्मनीत 'आउसबिल्डुंग' या नावाने चालते. आपल्या आयटीआयसारखे, पण काही भाग कारखान्यात आणि काही भाग शाळेत. साधारण दोन ते साडेतीन वर्षे चालते आणि त्या काळात मालक विद्यावेतन देतो. बारावी झालेल्या, आयटीआय केलेल्या आणि नर्सिंगकडे जाऊ इच्छिणाऱ्या मुलामुलींनी ही वाट बघावी.

तिसरी वाट तिकडच्या विद्यापीठात पदवी घेण्याची. त्या अभ्यासक्रमातच कामाचे काही महिने असतात.

तिन्ही वाटांचे नियम वेगळे, खर्च वेगळा, व्हिसा वेगळा. एजंटच्या जाहिरातीत मात्र तिन्हींचा एकच फोटो असतो. म्हणून समोरच्याला पहिला प्रश्न हा विचारा, "यातली कुठली वाट सांगताय?" तो गडबडला तर तिथूनच उठा.

बाबासाहेबांनी देश कसा ठरवला?

आपल्या प्रत्येकाच्या घरात बाबासाहेबांचा फोटो आहे. ते परदेशात शिकले हे लहान मुलालाही माहीत आहे. पण ते त्या त्या देशात का गेले, हे आपण फारसे विचारीत नाही.

१९१३ साली ते अमेरिकेला गेले, कारण सयाजीराव महाराजांच्या बडोदा संस्थानाने त्यांना कोलंबिया विद्यापीठासाठी शिष्यवृत्ती दिली. त्यासाठी त्यांनी करार लिहून दिला होता, की परत आल्यावर दहा वर्षे संस्थानाची नोकरी करीन. म्हणजे पैसा कोण देतो आणि बदल्यात काय लिहून घेतो, हे जाण्याआधी कागदावर ठरले होते. पुढे १९१६ मध्ये ते लंडनला गेले. शिष्यवृत्तीची मुदत संपली तेव्हा १९१७ मध्ये अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. एवढ्या मोठ्या बुद्धिमत्तेच्या माणसालाही पैसा संपल्यावर बोटीत बसावे लागले, हे विसरू नका.

१९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. तेव्हा सिडनहॅम कॉलेजच्या पगारातून शिल्लक टाकलेली होती, शाहू महाराजांची मदत होती, आणि नवल भथेना या पारशी मित्राने कर्ज दिले होते. १९२१ मध्ये त्यांनी जर्मनीतील बॉन विद्यापीठाकडे प्रवेशासाठी पत्र लिहिले. ते पत्र त्यांनी जर्मन भाषेत लिहिले होते. ही गोष्ट आम्हांला फार महत्त्वाची वाटते. जर्मनीचे दार ठोठावण्यापूर्वी ते जर्मन शिकले होते.

पैसा, कागद आणि भाषा या तिन्ही गोष्टी त्यांनी आधी पाहिल्या. देश त्यानंतर आला.

पहिला प्रश्न : भाषा

आता एकेक प्रश्न घेऊ. काम कुठल्या भाषेत करायचे आहे? वर्गातली भाषा आणि कामावरची भाषा एक नसते, हे लक्षात घ्या. स्वीडन, फिनलंड, नेदरलँड्समध्ये इंग्रजीतून पुष्कळ अभ्यासक्रम चालतात. प्रयोगशाळेत इंग्रजीवर निभावून जाते. पण दवाखान्यातली म्हातारी रुग्ण बाई आपले दुखणे स्वतःच्या भाषेतच सांगणार. वर्कशॉपमधला फोरमन ओरडला, "हात काढ!", तर ते त्याच्या भाषेत क्षणात कळले पाहिजे. नाहीतर हात जाईल.

युरोपात भाषेच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. ए-१ पासून सी-२ पर्यंत सहा. जर्मनीतल्या आउसबिल्डुंगच्या व्हिसासाठी साधारणपणे बी-१, म्हणजे तिसरी पायरी लागते. शिकून तयार झालेल्या नर्सला तिकडे नोंदणी मिळवायची तर बहुधा बी-२ मागतात. नोकरी, कॉलेज सांभाळून शिकणाऱ्याला तिसऱ्या पायरीपर्यंत पोचायला वर्षभर तरी द्यावे लागते. "तीन महिन्यांत जर्मन, चौथ्या महिन्यात जर्मनी" असे कुणी सांगत असेल तर तो भाषा शिकवत नाही, तिकीट विकतो.

पुण्यात जर्मनसाठी मॅक्समुल्लर भवन आहे, फ्रेंचसाठी आलियाँस फ्रान्सेज आहे, विद्यापीठाचे रानडे इन्स्टिट्यूटमधले परकीय भाषांचे वर्ग आहेत. वर्ग कुठेही करा, पण परीक्षा मान्यताप्राप्त संस्थेची द्या. क्लासवाल्याने छापून दिलेले सर्टिफिकेट वकिलातीत चालत नाही.

कुणी म्हणेल, आपल्या पोरांना इंग्रजीच जड जाते, जर्मन कुठून येणार? त्यांना आम्ही आपल्या सोलापूरचेच उदाहरण देतो. डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९१० साली या गावात जन्मले. भैय्या चौकात त्यांचे स्मारक आहे, रोज आपण तिथून जातो. १९३८ मध्ये ते वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले. तिथे जाऊन ते चिनी बोलायला आणि वाचायला शिकले, आणि ज्यांची भाषा शिकले त्यांच्यातच १९४२ मध्ये कामावर असताना गेले. आपल्या पेठेत तेलुगू, कन्नड, उर्दू, मराठी चार भाषा कानावर पडतच मूल मोठे होते. पाचवी भाषा सोलापूरच्या पोराला जड नाही. तिला वेळ दिला पाहिजे, एवढेच.

दुसरा प्रश्न : पैसा

खर्च कोण करणार? इथे देशादेशात मोठा फरक आहे.

जर्मनीत सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी शिकवणी फी नाही. बाडेन-व्युर्टेम्बर्ग या राज्यात मात्र २०१७ पासून युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना प्रत्येक सत्राला १,५०० युरो भरावे लागतात. फी नाही म्हणजे खर्च नाही, असे समजू नका. पदवीला जाणाऱ्याला वर्षाचा राहण्याचा खर्च आधीच बंदिस्त खात्यात दाखवावा लागतो. सप्टेंबर २०२४ पासून ती रक्कम ११,९०४ युरो झाली. एका युरोला शंभर रुपये धरले तर जवळजवळ बारा लाख. हे पैसे तुमचेच असतात, दरमहा थोडे थोडे परत मिळतात. पण आधी उभे करावे लागतात, आणि घर गहाण टाकायची वेळ इथेच येते.

स्वीडनने २०११ पासून आणि फिनलंडने २०१७ पासून युरोपबाहेरच्या पदवी-विद्यार्थ्यांना फी लावली. ब्रिटनमध्ये फी सर्वांत जड, पण भाषा सोपी. ब्रिटनने २०२३ मध्ये भारतीय तरुणांसाठी एक योजना सुरू केली. वय १८ ते ३०, पदवी झालेली, खात्यावर २,५३० पौंड शिल्लक. वर्षाला तीन हजार जागा आणि दोन वर्षे काम करण्याची मुभा. निवड सोडतीने होते आणि सोडतीत नाव घालायला पैसे लागत नाहीत. "सोडतीत नंबर लावून देतो" म्हणून कुणी पैसे मागितले, तर तो फसवतो आहे असे खुशाल समजा.

आउसबिल्डुंगमध्ये हिशेब उलटा असतो. तिथे विद्यावेतन मिळते, धंद्याप्रमाणे कमी-जास्त. नर्सिंगसारख्या कामात ते महिना हजार युरोच्या वर जाते. त्यात खाणे, राहणे काटकसरीने भागते. घरी मोठी रक्कम पाठवता येईल, अशी आशा पहिली तीन वर्षे धरू नका.

शिष्यवृत्तीबद्दल. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, ७५ जागांची. केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आहे. त्यात एकूण १२५ जागांपैकी ११५ अनुसूचित जातींसाठी. त्यात फी, राहणे, विमानभाडे मिळते. पण या दोन्ही मोठ्या शिक्षणासाठी आहेत, म्हणजे पदव्युत्तर आणि पीएच.डी.साठी. दोन महिन्यांच्या इंटर्नशिपला किंवा आउसबिल्डुंगला त्या मिळत नाहीत. उत्पन्नाची मर्यादा, विद्यापीठाचा क्रमांक, वयाची अट यात फेरबदल होत राहतात, म्हणून त्या वर्षीची जाहिरात स्वतः वाचा. युरोपीय संघाची इरास्मस मुंडस ही योजनाही पदव्युत्तर अभ्यासाला आहे. निवड झाल्यास महिना १,४०० युरो मिळतात आणि एकाच अभ्यासक्रमात दोन-तीन देशांत शिकायला मिळते. भारतीय विद्यार्थ्यांना त्यात दरवर्षी चांगल्या संख्येने जागा मिळतात. आपल्या वस्तीतून अर्जच जात नाहीत, ही खंत आहे.

जातीचा दाखला केंद्राच्या नमुन्यातही काढून ठेवा. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांनाही अनुसूचित जातीच्या सवलती मिळाल्या, पण ऐन अर्जाच्या दिवशी दाखला नसला तर त्या सवलतीचा उपयोग काय?

तिसरा प्रश्न : कागद

कुठल्या कागदावर जायचे आणि परत येताना कुठला कागद हातात असणार?

इंटर्नशिपचे बघू. जर्मनीच्या नियमाप्रमाणे बाहेरच्या देशातील विद्यार्थी आपल्या विषयाशी संबंधित इंटर्नशिपला जाऊ शकतो, पण चार सत्रे पूर्ण झालेली हवीत आणि तिकडच्या रोजगार खात्याची संमती हवी. म्हणजे पहिल्या वर्षाच्या मुलाने घाई करण्यात अर्थ नाही. इंटर्नशिप अभ्यासक्रमाचा सक्तीचा भाग असेल तर जर्मनीत किमान वेतनाचा कायदा तिला लागू होत नाही. ऐच्छिक असेल आणि तीन महिन्यांहून जास्त असेल तर लागू होतो. त्यामुळे कॉलेजच्या पत्रात 'सक्तीची' लिहिले आहे की 'ऐच्छिक', या एका शब्दावर मुलाचे पैसे अवलंबून असतात.

फ्रान्समध्ये इंटर्नशिपसाठी त्रिपक्षी करार लागतो. विद्यार्थी, त्याचे कॉलेज आणि काम देणारी संस्था अशा तिघांच्या सह्या. दोन महिन्यांहून जास्त काम असेल तर मानधन देणे कायद्याने बंधनकारक, आणि एका शैक्षणिक वर्षात एका संस्थेत सहा महिन्यांहून जास्त ठेवता येत नाही. करार नसेल तर ती इंटर्नशिपच नव्हे. फुकट राबवून घेणे झाले.

तांत्रिक शाखांच्या विद्यार्थ्यांसाठी आयएईएसटीई ही १९४८ साली स्थापन झालेली आंतरराष्ट्रीय संस्था आहे. तिचे तत्त्व देवाणघेवाणीचे. आपल्याकडे बाहेरच्या विद्यार्थ्याला जागा दिली, तर आपल्या विद्यार्थ्याला बाहेर जागा. आपले कॉलेज त्यात आहे का, नसेल तर का नाही, हे प्राचार्यांना जाऊन विचारा. एकट्याने विचारले तर टाळतात, दहा पालकांनी विचारले तर उत्तर द्यावे लागते.

आणि ही गोष्ट दारावर लिहून ठेवा. पर्यटक व्हिसावर काम करता येत नाही. शेंगेन देशांत १८० दिवसांत ९० दिवस फिरता येते, म्हणून "आधी फिरायला जा, मग तिकडे कामाचे बघू" असे सांगणारे भेटतात. पकडले तर मुलाला परत पाठवतात आणि पुढची दारेही बंद होतात.

याहून वाईटही घडले आहे. २०२४ मध्ये सीबीआयने एक प्रकरण उघडकीस आणले. नोकरीच्या आणि शिक्षणाच्या आमिषाने भारतीय तरुणांना रशियात नेले आणि युक्रेनच्या युद्धावर पाठवले. त्यांतले काही जण परत आलेच नाहीत. तीही कुणाची तरी मुले होती, आणि त्यांच्याही घरच्यांनी पैसे भरले होते.

म्हणून एजंट सरकारकडे नोंदलेला आहे का, हे परराष्ट्र खात्याच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर पाहा. नोंदणीकृत भरती एजंटाने घ्यायच्या सेवाशुल्कालाही मर्यादा आहे, तीस हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी. तीन-चार लाख मागणाऱ्याला पावती मागा. पावती म्हटले की खरा-खोटा कळतो. केरळ सरकारच्या नोर्का या संस्थेमार्फत 'ट्रिपल विन' योजनेत नर्स जर्मनीला जातात, त्यांच्याकडून भरतीचे पैसे घेतले जात नाहीत. म्हणजे पैसे न भरताही वाट असू शकते.

आपल्या राज्याचा करार

जर्मनीची एवढी चर्चा का आहे, तेही सांगतो. तिकडे म्हातारी माणसे वाढली, काम करणारे हात कमी पडले. डिसेंबर २०२२ मध्ये भारत-जर्मनी स्थलांतर करार झाला. ऑक्टोबर २०२४ मध्ये जर्मनीने भारतीय कुशल कामगारांसाठीच्या व्हिसांची वार्षिक संख्या २० हजारांवरून ९० हजारांवर नेण्याचे जाहीर केले. त्याआधी फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी करार केला. परिचारिका, इलेक्ट्रिशियन, सुतार, रंगारी, वाहनचालक, हॉटेलमधील कर्मचारी असे कुशल मनुष्यबळ पुरवायचे, सुरुवातीला दहा हजार. त्या राज्याची राजधानी श्टुटगार्ट. तिचे आणि मुंबईचे भगिनी-शहर म्हणून १९६८ पासून नाते आहे.

बातमी चांगली आहे. पण करार दोन सरकारांत झाला आहे, तुमच्या मुलात आणि तिकडच्या मालकात नाही. मालकाच्या सहीचा कागद हातात येईपर्यंत इथली नोकरी, इथले कॉलेज सोडू नका. भाषा मात्र शिकत राहा. करार पुढे सरकला नाही तरी शिकलेली भाषा वाया जात नाही.

सोलापूरच्या मुलाने कुठे बघावे?

आता देशाकडे येऊ. आपली वस्ती गिरणीच्या आणि मागाच्या आवाजात वाढली. सोलापुरी चादर आणि टॉवेल यांना भौगोलिक मानांकन आहे. टेक्स्टाइल शिकणाऱ्या मुलाने सगळ्यांबरोबर बर्लिनचे स्वप्न का बघावे? पोर्तुगालमध्ये गिमराइश हे गाव घरगुती कापडासाठी, टॉवेलसाठी प्रसिद्ध आहे, आणि तिथे मिन्यो विद्यापीठाचा वस्त्र-अभियांत्रिकी विभाग आहे. जर्मनीत रॉइटलिंगेनचे विद्यापीठ १८५५ मध्ये विणकाम-शाळा म्हणून सुरू झाले. बेल्जियममध्ये गेंट, स्वीडनमध्ये बोरास. जो टॉवेल आपण इथे विणतो, तोच तिकडे कसा विणतात, कसा रंगवतात आणि कितीला विकतात, हे पाहून आलेला पोरगा सोलापूरला दुप्पट उपयोगाचा.

नर्सिंगच्या मुलींनी आणि आयटीआयच्या मुलांनी जर्मनी बघावे, पण भाषेचे एक-दीड वर्ष आधी धरून. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षातल्यांनी जर्मनी, फ्रान्स, किंवा देवाणघेवाणीतून मिळेल तो देश बघावा. पदवी झाली, इंग्रजी चांगले आहे पण जवळ पैसा कमी, त्यांनी ब्रिटनच्या सोडतीत नाव घालावे आणि इरास्मसचा अर्ज भरावा. दोन्ही अर्जांना पैसे लागत नाहीत.

मुलींच्या बाबतीत पालक कचरतात. "पोरीला एवढ्या लांब कसं पाठवायचं?" काळजी खरी आहे. पण काळजी असेल तर कागद दुप्पट तपासा, राहण्याचा पत्ता आधी मागा, मालकाशी फोनवर बोला, त्याच गावात आधी गेलेल्या मुलींशी बोला. हे सगळे मुलासाठीही करायला पाहिजे. मुलगा म्हणून त्याला आंधळेपणाने पाठवायचे आणि मुलगी म्हणून तिला घरी ठेवायचे, हे आपल्या विचारात बसत नाही.

उद्यापासून काय?

शेवटी अगदी साधे काम सांगतो. पासपोर्ट काढून ठेवा. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, सगळ्या गुणपत्रिका एका पिशवीत ठेवा. सगळ्यांवर नावाचे स्पेलिंग एकच आहे का बघा. एका अक्षराने अर्ज अडतो. मुलाला एका कागदावर तीन ओळी लिहायला सांगा. कामाची भाषा कोणती आणि मी कुठल्या पायरीवर आहे? खर्च किती आणि तो कोण देणार? कुठल्या व्हिसावर जाणार आणि कुठले प्रमाणपत्र घेऊन येणार? तिन्ही ओळी भरल्या की चौथ्या ओळीत देशाचे नाव लिहा. एक जरी ओळ रिकामी असेल तर अजून वेळ आहे, अभ्यास करा.

हा कागद घेऊन अभ्यासिकेत या. कुणी करारपत्र दिले असेल तर सही करण्याआधी आणा. चार जणांनी मिळून वाचू. जर्मन, फ्रेंच आम्हांला येत नाही, पण पैसे कुठे मागितलेत आणि जबाबदारी कुणी टाळली आहे, हे चार डोकी एकत्र आली की सापडते. घर गहाण टाकावे का, हे विचारायला आलेल्या त्या माऊलीलाही आम्ही हेच सांगितले. आधी कागद आणा, मग बोलू.

आपली मुले जावीत, शिकावीत, आणि कुणाच्या उपकाराने किंवा कुणाच्या फसवणुकीने नव्हे, तर स्वतःच्या तयारीने जावीत, एवढीच इच्छा व्यक्त करून आम्ही थांबतो.

जयभीम! नमो बुद्धाय!